प्रश्न तुमचे : डॉक्टर व्हायचं की नाही?

प्रश्न : मुलीला दहावीत ९४ टक्के पडले. घरात सगळे म्हणतात, डॉक्टरच कर. कोणी क्लाससाठी राजस्थानात कोटाला पाठवायला सांगतं. दीर म्हणतात, नंबर नाही लागला तर अर्धा एकर द्राक्षबाग विकू आणि पैसे भरू. तिचं मात्र हो-नाही चाललंय.
– एक पालक, तासगाव

उत्तर : बागेला इतक्यात हात लावू नका. दहावीचे टक्के इथे फारसं काही सांगत नाहीत. मेडिकलचा प्रवेश ‘नीट’ या परीक्षेवर ठरतो. तिला १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास. ९० प्रश्न जीवशास्त्राचे, ४५ फिजिक्सचे, ४५ केमिस्ट्रीचे. गाडी अडते ती बहुतेक फिजिक्सला. अकरावीची दोन-तीन प्रकरणं झाली की त्यांवरचे जुने ४५ प्रश्न घड्याळ लावून सोडवायला द्या. बरोबरला ४ गुण, चुकलं की १ वजा. वीस बरोबर आणि वीस चूक, तर हाती ६०. वीस बरोबर, पाच चूक, बाकी कोरे, तर ७५. येत नाही ते सोडून देणं तिला जमतंय का, ते बघा.

क्लास कुठेही लावा, बारावी मात्र महाराष्ट्रातूनच. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावी दोन्ही इथली लागतात (सीमाभागासारखे अपवाद सोडून). बारावीचा फॉर्म परराज्यातून भरला, की मिरज-साताऱ्याच्या सरकारी कॉलेजातल्या या जागा हातच्या गेल्या.

सरकारी नाही मिळालं तर अभिमत, म्हणजे खासगी ‘डीम्ड’ विद्यापीठाचं कॉलेज, आणि त्याची फी वर्षाला लाखांत. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर पूर्ण वर्षाची इंटर्नशिप. स्पेशालिस्ट व्हायचं तर एमडी-एमएसला पुन्हा प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षं. बाग विकायची तर हिशोब तिथवरचा मांडा, दिरांसमोरच. अकरावीत गणितही राहू द्या, म्हणजे इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं. जनावरांचा लळा असेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथेही नीटच लागते.

हो-नाही मिटवायला एक सकाळ तिला सिव्हिलच्या ओपीडीबाहेर बाकावर बसवा. केसपेपरची रांग, तोच खोकला, तीच गुडघेदुखी, आणि चिडलेले नातेवाईक. सीरियलमधला डॉक्टर तिथे भेटत नाही.

प्रश्न : रक्त बघितलं की मला चक्कर येते. मेडिकलचा विचार सोडू का?
– बारावीचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : एवढ्यावरून सोडू नकोस. रक्त बघून नाडी मंदावते, बीपी उतरतं, मेंदूला रक्त कमी पडतं, म्हणून डोळ्यांपुढे अंधारी येते. घाम फुटू लागला की मांड्या, पोट आणि दंड १०-१५ सेकंद घट्ट आवळ, मग २०-३० सेकंद सैल सोड. असं पाच वेळा. त्याने बीपी वर येतं. उपाशीपोटी जाऊ नकोस, गुडघे ताठ करून उभा राहू नकोस. तरीही गरगरलं तर लाज न धरता खाली बस, नाहीतर डोकं आपटायचं. रोज थोडं थोडं बघत गेलास की बहुतेकांचं हे कमी होतं. रक्त न बघताच चक्कर येत असेल तर मात्र आधी तपासून घे.