‘ग्रँड’ म्हणजे भव्य नव्हे, हजार

प्रश्न असा आहे : ब्रिटिश रॅप संगीतातल्या ‘द स्ट्रीट्स’चा दुसरा अल्बम ‘अ ग्रँड डोन्ट कम फॉर फ्री’. एका मित्राने या नावाचं मराठी ‘भव्यता फुकट मिळत नाही’ असं केलं. ते बरोबर आहे का? आणि ‘डझन्ट’च्या जागी ‘डोन्ट’ कसं?

भव्यतेचा इथे काही संबंध नाही. ‘अ ग्रँड’ म्हणजे रोख एक हजार पौंड. ‘ग्रँड’चा हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी बोलीत रुळला आणि पुढे ब्रिटनमध्येही घरचाच झाला. आपल्याकडे लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात, त्याच जातीचा शब्द. फरक एवढाच, की खोक्याचे ‘खोके’ होतात (पन्नास खोक्यांची घोषणा कोण विसरेल!), पण ‘ग्रँड’ला अनेकवचन लागत नाही. पाच हजार म्हणजे ‘फाइव्ह ग्रँड’. आपला ‘हजार’ही तसाच, एक असो वा पाच.

जाता जाता : लंडनच्या बोलीत पाचशे पौंडांना ‘मंकी’ म्हणतात. भारतातल्या पाचशेच्या नोटेवर माकडाचं चित्र होतं, गोऱ्या सैनिकांनी तिथून शब्द नेला, असं छातीठोकपणे सांगतात. तशी नोट असल्याचा पुरावा मात्र नाही. शब्दांच्या जन्मकथा जितक्या चुरचुरीत, तितक्या संशयास्पद.

अल्बमची गोष्ट कळली की नाव आपोआप उलगडतं. ‘द स्ट्रीट्स’ म्हणजे माईक स्किनर, बर्मिंगहॅममध्ये वाढलेला रॅपर. २००४ साली आलेल्या या अल्बममध्ये अकरा गाण्यांची मिळून एकच कथा आहे. पहिल्याच गाण्यात नायकाचा साधा दिवस फिसकटतो : डीव्हीडी परत करायची ती होत नाही, फोनची बॅटरी संपते आणि घरात ठेवलेले हजार पौंड गायब. मग मैत्रीण भेटते, दुरावते, मित्रांवर संशय येतो. शेवटच्या गाण्यात पैसे सापडतात ते टीव्हीच्या मागे पडलेले! तेव्हाच्या दराने ही रक्कम ऐंशी हजार रुपयांच्या आसपास जाते, म्हणून मराठीत नुसतं ‘हजार’ म्हणून भागणार नाही. ऐकणाऱ्याला ते किराणा सामानाचं बिल वाटेल. ‘पौंड’ हवाच.

आता ‘डोन्ट’. शाळेच्या व्याकरणात ‘अ ग्रँड’ एकवचनी, म्हणून ‘डझन्ट’ हवं. पण लंडन-बर्मिंगहॅमच्या कष्टकरी वस्त्यांत ‘ही डोन्ट’, ‘इट डोन्ट’ सर्रास बोलतात. स्किनरने ते मुद्दाम ठेवलंय. याला चूक म्हणणं म्हणजे ‘आमी’ म्हणणाऱ्याच्या बोलण्यावर लाल पेन चालवणं.

मग भाषांतरात हा बोलीपणा आणायचा कसा? ‘न्हाय’, ‘व्हय’ घालून नायकाला थेट साताऱ्याला पोचवणं मला पटत नाही. त्याची गरजही नाही, कारण मराठीत अगदी हीच सवय आहे, फक्त उलट्या बाजूने. नियमाप्रमाणे ‘हजार पौंड येत नाहीत’. बोलताना मात्र शेवटचा ‘त’ आपण कितीदा गिळतो! ‘दोनशे रुपये पुरत नाही’, ‘पैसे मिळाले नाही’, ही वाक्यं दिवसभर कानांवर पडतात. इंग्रजीत एकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद जोडलंय, आपल्याकडे अनेकवचनी कर्त्याला एकवचनी.

‘पैसे काय झाडाला लागतात?’ हा आपला तयार वाक्प्रचार मोहात पाडतो खरा, पण त्यात आईवडिलांचा दरडावणीचा सूर आहे. इथे बोलतोय तो स्वतःवरच वैतागलेला तरुण. म्हणून माझं मत, ‘त’ खाऊन : ‘हजार पौंड काय फुकट येत नाही’.