पुसलेली रेघ

पत्र : वय 38, नाशिक. चार महिन्यांपासून मी चित्रांच्या आधारे उपचार करणाऱ्या समुपदेशक मॅडमकडे जाते. घरात मारहाण नव्हती, बाबांनी कधी आवाजही चढवला नाही, तरी लहानपण आठवले की छातीवर दडपण येते. मॅडमनी लहानपणीचे घर काढायला सांगितले. खोडून खोडून पहिला कागद फाटला (शाळेची चित्रेही बाबा असेच पुन्हा काढायला लावत), म्हणून दुसऱ्यावर नीटनेटके घर काढून दिले. मॅडम त्याचा अर्थ सांगत नाहीत. तुम्ही सांगाल का?

उत्तर : नाही सांगणार. तुमच्या मॅडम गप्प राहतात, हे त्यांचे शहाणपण आहे. 1940 च्या दशकात अमेरिकेत या उपचारपद्धतीला आकार देणाऱ्या मार्गारेट नॉमबर्ग यांचाही आग्रह होता, की चित्र पाहून काय सुचते ते काढणाऱ्याने बोलावे, उपचारकाने आपला अर्थ त्यावर लादू नये. खिडकी नाही म्हणजे दुःख आणि काळा रंग म्हणजे भीती, असली कोष्टके राशिभविष्यातच शोभतात.

शिवाय त्या नीटनेटक्या घराचे मला कुतूहलच नाही. ते बाबांना दाखवायचे घर आहे. तुमचे चित्र केराच्या टोपलीत गेले. गुण देणारे कोणी नाही, घाई नाही, आणि 38 वर्षांची बाई कागद फाटेपर्यंत एक रेघ पुसते आहे, हे तुम्ही कंसासकट एका वाक्यात उरकलेत. बाबांनी आवाज चढवला नाही, हे मात्र आवर्जून लिहिलेत. मला त्याचे कौतुक नाही. शेजारी बसून, शांतपणे, मुलीच्या हाती पुन्हा पुन्हा खोडरबर देणाऱ्या माणसाने तिला एवढेच शिकवले, की तिच्या हातून पहिल्यांदा उमटते ते राहू देण्याच्या लायकीचे नसते. ओरडणाऱ्या बापावर निदान रुसता तरी येते.

पुढच्या वेळी त्या फाटलेल्या कागदाची गोष्ट मॅडमना आधी सांगा आणि तेच घर तैलखडूंनी काढा. ते खोडरबराने जात नाहीत, घासले तर आणखी फासतात. पहिली रेघ वाकडी आली की तुमचा हात टेबलावर काहीतरी चाचपू लागेल. तेव्हा थांबा आणि तो काय शोधतो आहे ते मोठ्याने बोला. दडपण आले तर तेही तिथेच बोला. म्हणूनच हा प्रयोग रात्री घरी एकटीने करायचा नाही. चित्र अर्धे राहिले तर अर्धेच मॅडमकडे ठेवून या, नीट करायला घरी आणू नका.