विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला मालदीवमध्ये बोटीवर राहून स्नॉर्केलिंग जमेल का?

तुमचा प्रश्न असा, की पोहणं गावच्या विहिरीतलं, समुद्र फक्त काठावरून पाहिलेला, बायकोला पोहताच येत नाही. तर मालदीवला आठवडाभर बोटीवर राहून स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क नि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, करायला जावं का?

जावं. मी लातूरचा. पाठीला डबा बांधून काकांनी विहिरीत ढकललेला. हरभरा घरात आल्यावर मार्चमध्ये आम्ही दोघं जाऊन आलो.

विहिरीतलं पोहणं तिथं एवढंच कामाला येतं, की पायाखाली तळ नाही म्हणून घाबरायला होत नाही. बाकीच्या सवयी मोडाव्या लागतात. आपण मुटका मारणार, पाणी उडवणार, श्वास कोंडून बुडी घेणार. तिथं नुसतं पालथं पडून राहायचं, नळीतून तोंडानं सावकाश श्वास घ्यायचा आणि पाय हलवलेच तर हळू. पहिल्या दिवशी मी सवयीनं श्वास कोंडायचो आणि मिनिटामिनिटाला डोकं वर काढायचो. शेवटी गाईड हिंदीत म्हणाला, ‘भाई, कुछ मत करो.’ ते ‘काही न करणं’ जमायला मला दीड दिवस लागला.

दुसरी अडचण मिशीची. मास्कची रबरी कड ओठाच्या वर बसते, केसांमुळं फट राहते आणि खारं पाणी थेट नाकात. नाकाखालची बोटभर जागा साफ केली, वर व्हॅसलीन लावलं, तेव्हा कुठं गळती थांबली. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळायची. किळस वाटली तरी उपाय तोच. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, आधी विचारा.

आता मुख्य गोष्ट, बोट निवडणं. राहायच्या बोटी बहुतेक स्कूबावाल्यांसाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाणाऱ्यांसाठी असतात. ते वीस-पंचवीस मीटर खाली जातात आणि आपण वर तरंगत निळ्या पाण्याकडं बघत बसतो. आमच्या एजंटानं ‘दोन्ही होतं’ म्हणून बोट गळ्यात मारली, त्यात पहिले दोन दिवस असेच गेले. म्हणून ‘फक्त स्नॉर्केलिंगची सफर आहे का, रोज उथळ प्रवाळावर किती वेळा उतरवणार’ हे लेखी घ्या. मोठी बोट नांगरलेली असते, तिथून ‘धोणी’ नावाच्या छोट्या बोटीनं प्रवाळाच्या कडेला नेतात. प्रवाहाबरोबर वाहत जायचं, धोणी पुढं येऊन उचलते. प्रवाहाच्या उलट हातपाय मारायचे नाहीत. दमछाक तिथंच होते.

खाली तोंड घातल्यावर पहिल्यांदा दिसण्याआधी ऐकू येतं. सगळीकडून तडतड. पंचमीला कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, तसं. ती छोट्या कोळंब्यांची, आणि मधूनच पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा कुरकुर आवाज. एक पोपटमासा माझ्यापासून हातभर अंतरावर दगड खरवडत होता. खाल्ल्यावर मागून पांढऱ्या वाळूचा झोत सोडून निघून गेला. तिथल्या किनाऱ्यावरची बरीचशी वाळू अशीच तयार होते, हे कळल्यावर बायको दिवसभर हसत होती.

बोटीवर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र असतं, पण त्याला जनरेटर जाळावा लागतो. त्यामुळं अंघोळ आटोपती घ्या म्हणतात. बाकीचे कुरकुरत होते. आम्ही २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं, आम्हाला एक बादली म्हणजे चैन. एके ठिकाणी प्रवाळ नुसता राखाडी, मोडक्या हाडांसारखा पडलेला. गाईड म्हणाला, २०१६ चा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. २०१५-१६ च्या ज्या एल निनोनं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्यानं, आपला पाऊस पळवला, त्यानंच तिकडचं पाणी तापवलं. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. शेजारीच नवे फुटवे आलेली प्रवाळाची खोडंही होती.

बायकोचं सांगतो. लाइफ जॅकेट घालून, गाईडनं ओढलेल्या गोल ट्यूबला धरून ती रोज उतरली. कासव पहिलं तिलाच दिसलं, कारण तिला इकडंतिकडं पळायचंच नव्हतं.

बाकी थोडक्यात. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत. मांटा रे, म्हणजे पंखासारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, बघायचे असतील तर बा अ‍ॅटोलमधली (म्हणजे प्रवाळ बेटांच्या एका कड्यातली) हनिफारू खाडी, पण त्यांचा हंगाम पावसाळ्यातला, आणि तिथं स्कूबाला बंदी, स्नॉर्केलिंग चालतं. उलटीची गोळी बोट हलायच्या आधी घ्या, हलल्यावर उपयोग नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच पाण्यात उतरा. बेचाळीस डिग्रीत शेतात उभं राहणारा मी, पण पाण्यात ऊन कळत नाही आणि पाठ अशी सोलली की तीन रात्री पालथा झोपलो. व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो, मात्र निघण्याआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. दारू नेऊ नका, जप्त होते. शाकाहारी असाल तर आधी कळवा, नाहीतर सकाळी ‘मास हुनी’ येते, म्हणजे ट्यूना, खोबरं नि कांदा. सोबतची रोशी मात्र आपल्या पोळीसारखीच. आम्ही ती शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली आणि चौथ्या दिवशी आचाऱ्यानं चटणीचा डबाच मागून घेतला.