डोंगरावर घर बांधताना आधी वर्कशॉप उभारावं का?

प्रश्न : वय ४४. वाळूजला एका कंपनीत टूलरूममध्ये आहे. हातात महिना ५८,००० येतात, घरभाड्यासकट ३६,००० खर्च होतात. म्हैसमाळच्या अलीकडे डोंगरउतारावर वडिलांच्या नावची जमीन आहे. तिथे ७५० चौरस फुटांचं घर बांधायचंय, गवंडी १८ लाख म्हणतो. त्याआधी ६०० फुटांचं वर्कशॉप उभारून दारं-खिडक्या, कपाटं स्वतःच करावीत असा विचार आहे. सुताराने या कामाचे ५ लाख सांगितलेत, ते वाचतील. १२ लाखांच्या एफडीतून साडेतीन लाख शेडला, ५ लाख घराला. मशीनसाठी साडेतीन लाख पर्सनल लोन, घरासाठी १३ लाख होमलोन. मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल. जमेल का?

उत्तर : शेड आधी बांधा, पण निम्मं. मशीन आत्ता घेऊ नका.

शेड तसंही लागणारच आहे. सिमेंटच्या गोण्या, सळया, गवंड्याचं सामान उघड्या उतारावर कुठे ठेवणार? शिवाय लाकूड आधीच आणून सावलीत वाळत घालता येईल. ओल्या लाकडाची चौकट आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशी आखडते की कडी कोयंड्यात बसत नाही. पण यासाठी १५ बाय २० फुटांचं, अँगल आणि पत्र्याचं, खाली कोबा केलेलं शेड पुष्कळ झालं. दोन लाखांत बसवा. हातात धरून चालवायचं सर्क्युलर सॉ, राउटर (लाकडात खाचा पाडायचं हत्यार), रंधा, क्लॅम्प यांना आणखी ५०,००० धरा.

पाच लाख वाचतील हे मात्र डोक्यातून काढा. सागवान, प्लाय, बिजागऱ्या, काचा तुम्हालाही विकतच घ्यायच्यात. वाचेल ती फक्त मजुरी. सुताराकडून माल आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. मजुरी दीड-पावणेदोन लाखांच्या वर निघाली तर मला नवल वाटेल. तेवढ्यासाठी सात लाख घालायचे, तर ती हौस झाली. हौसेला माझी ना नाही, फक्त ती बचतीच्या रकान्यात लिहू नका.

आता हप्ते. १३ लाख, साडेआठ टक्के, १५ वर्षं : महिना सुमारे १२,८००. साडेतीन लाख, बारा टक्के, ५ वर्षं : सुमारे ७,८००. बेरीज २०,६००. तुमच्याकडे महिन्याला उरतात २२,०००. म्हणजे हाताशी राहणार फक्त १,४०० रुपये आणि त्याच काळात मुलीचं ॲडमिशन! मशीनचं कर्ज वगळलं की ९,२०० हाताशी राहतात.

एफडीचंही तसंच. होमलोनचे पैसे एकरकमी मिळत नाहीत. तुमचा हिस्सा आधी जागेवर दिसावा लागतो, मग जोतं, स्लॅब असं काम पुढे सरकेल तसे बँक टप्प्याटप्प्याने देते. त्यामुळे ते ५ लाख वेगळेच ठेवा. शेड आणि हत्यारांचे अडीच गेले, घराचे पाच गेले, उरले साडेचार. त्यातले अडीच अडीनडीला. दोन लाख घराचा खर्च फुगेल त्यासाठी, कारण घाटातून चढवलेली वाळू आणि पाणी मारायला लागणारे टँकर गवंड्याच्या आकड्यात बहुधा नसतात. काम दिवाळीनंतर लगेच धरा, मार्च-एप्रिलला त्या भागात पाण्यासाठी वणवण करावी लागेल.

कागदाबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलेलं नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. सातबारा वडिलांच्या नावावर असताना तुम्हाला एकट्याला कर्ज मिळणार नाही. भाऊ-बहिणी असतील तर ‘त्यांची हरकत नाही’ हे तोंडी चालत नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र, मग फेरफार, मग घराच्या जागेच्या बिगरशेती वापराची (एनए) नियमानुसार पूर्तता आणि मंजूर नकाशा. हे होईपर्यंत शेडचा पहिला अँगलही रोवू नका. सामायिक जमिनीवर उभ्या राहिलेल्या पत्र्यावरून भावकीत किती वर्षं बोलणं बंद राहतं, हे तुम्हाला सांगायला नको.

विजेचं एक. विहिरीवरच्या शेतीपंपाच्या कनेक्शनवर मशीन चालवण्याचा मोह होईल. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. घरगुती सिंगल फेजवर मी सांगितलेली हत्यारं आरामात चालतात, तीही घरच्या कामापुरती. विक्रीसाठी फर्निचर करायचं ठरलं तर कनेक्शनही वेगळं आणि जमिनीचा वापरही वेगळा.

आणि सगळं स्वतःच्या हाताने, रविवारी-रविवारी करायचं म्हणून घर रेंगाळू देऊ नका. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. पण कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर ती ३०,००० वर येते. नव्या प्रणालीत ही वजावट मुळातच नाही, तेव्हा तुम्ही कोणत्या प्रणालीत आहात ते कंपनीत विचारून घ्या.

मोठं टेबल सॉ, प्लेनर हे सगळं मुलीचं ॲडमिशन झाल्यावर, तेही रोखीने आणि शक्यतो जुनं घ्या. टूलरूमचा माणूस तुम्ही, बेअरिंगचा आवाज ऐकून माल ओळखाल. आणि राहायला गेल्याशिवाय वर नेऊ नका. म्हैसमाळच्या बाजूला जुलै-ऑगस्टचं धुकं पत्र्याच्या फटींतून आत येतं, ओतीव लोखंडाच्या टेबलावर आठवड्याभरात तांबूस थर धरतो, आणि पुसायला तिथे कोणी नसतं.