अक्षौहिणी की अक्षोहिणी? आणि 2,18,700 चा हिशोब

विचारलंय की महाभारतात सैन्य मोजायचं जे माप आहे ते 'अक्षौहिणी' बरोबर की 'अक्षोहिणी', आणि एका अक्षौहिणीत माणसं किती. अक्षौहिणीच, काना आणि दोन मात्रा. परवा एका निरूपणात तासभर 'अक्षोहिणी, अक्षोहिणी' ऐकलं, वर "म्हणजे 2,18,700 सैनिक" हेही. दोन्ही चूक, आणि हे आता सगळीकडे चाललंय.

महा + उत्सव = महोत्सव, त्या हिशोबाने अक्ष + ऊहिनीचा खरं तर 'ओ'च व्हायला हवा. पण व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रावर कात्यायनाने खास वार्तिक, म्हणजे पुरवणी नियम, केलंय की इथे 'औ' करा. आणि त्याच सूत्रावरच्या दुसऱ्या वार्तिकाने प्र + ऊढचं 'प्रौढ' होतं! म्हणजे प्रौढ आणि अक्षौहिणी सख्खी भावंडं. 'प्रोढ शिक्षण' म्हणतो का कोणी?

अक्ष म्हणजे रथाचा आस, बैलगाडीचा आस म्हणतो ना, तो शब्द यातूनच आलाय. ऊहिनी म्हणजे समूह. काही विद्वान इथे अक्षचा दुसरा अर्थ, द्यूताचे फासे, आणतात, ते मला अजिबात मान्य नाही. आदिपर्वात महाभारताची कथा सांगणारा सौती अक्षौहिणी मोजायला बसतो तेव्हा पहिलेच शब्द "एको रथः", फासे आले कुठून?

आता खरी मौज. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ म्हणजे एक पत्ती. मग तिपटीने सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सात वेळा तिप्पट, म्हणजे 3 चा सातवा घात, 2187 पत्ती. गणात 27 पत्ती, वाहिनीत 81, आणि 27 × 81 = 2187, म्हणजे अनीकिनीच, आणि अंक बघा, 2, 7, 8, 1 तेच फिरून बसलेत! शेवटी दहा अनीकिनी म्हणजे अक्षौहिणी. रथ 21,870, हत्ती तेवढेच, घोडे 65,610, पायदळ 1,09,350. यातल्या कुठल्याही आकड्यातले अंक मिळवा, 18 येतात. एकूण 2,18,700, त्याचेही 18. नऊने भाग जातो म्हणून बेरीज नवाच्या पटीत येणारच, हे मला माहीत आहे, पण 9 नाही, 27 नाही, दरवेळी 18च, आणि युद्ध 18 दिवसांचं, पर्वं 18, सैन्य कौरवांचं 11 आणि पांडवांचं 7 मिळून 18 अक्षौहिणी. योगायोग म्हणून सोडून देणाऱ्यांशी माझं जमत नाही. शेवटची पायरी तिपटीची न ठेवता दहापट का केली असेल? माझं म्हणणं, पत्तीतच 1 + 1 + 3 + 5 मिळून दहा आहेत, म्हणून सुरुवातीला दहा, शेवटाला दहा आणि मधे सात तिपटी, असं रचणाऱ्याने जाणूनबुजून बसवलंय.

आणि हो, माणसं. 2,18,700 मध्ये रथ, हत्ती, घोडे सगळे नग मोजलेत. पायदळ आणि घोडेस्वार धरले तर 1,74,960 होतात, रथी, सारथी, माहूत यांना वेगळं मोजलेलंच नाही.