शेवटच्या कळा सोसवतील का?

प्रश्न: मला नववा लागलाय, नॉर्मल डिलिव्हरी व्हावी असं फार वाटतं. पण जाऊबाई म्हणतात शेवटी अशा कळा येतात की आपणच ओरडतो, सिझर करा म्हणून. तेव्हा करायचं काय?

उत्तर: अगं, जाऊबाई खोटं नाही सांगत, पण अर्धंच सांगतायत. पिशवीचं तोंड साधारण ८ ते १० सेंटीमीटर उघडतं तो टप्पा सगळ्यात अवघड, कळ दर दोन-तीन मिनिटांनी येते, मिनिट-दीड मिनिट टिकते, मधे जेमतेम दम घ्यायला वेळ मिळतो. पाय थरथरतात, उलटी होते, 'मला नाही जमणार' असं तोंडून निघतं, आणि नेमकं तेव्हाच बाळ जवळ आलेलं असतं! बहुतेकींचा हा टप्पा आधीच्या तासांपेक्षा बराच छोटा असतो गं.

उताणी पडून राहू नकोस, कुशीवर हो नाहीतर पलंगाला धरून पुढे वाक, आणि सोबतच्या बाईला माकडहाडाच्या जरा वर तळहाताने जोरात दाबून धरायला सांग, खूप आराम पडतो. शी लागल्यासारखं वाटलं की लगेच सिस्टरला सांग, त्या तपासून हो म्हणेपर्यंत जोर लावू नको, तोंडाने फू फू करत श्वास सोड. लघवी तुंबू देऊ नको.

सोबतीचं आत्ताच विचारून ठेव. जागतिक आरोग्य संघटनाही बाळंतपणात आपल्या पसंतीचं माणूस जवळ असावं असंच सांगते, तरी काही ठिकाणी आत सोडत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन, मागावंसं वाटलं तर बिनधास्त माग, त्यात काही कमीपणा नाही. आणि लाल रक्त जास्त जायला लागलं तर क्षणभरही थांबू नको, डॉक्टरांना बोलवायला लाव.