नागपुरात लग्नाच्या शूटिंगसाठी छोटा ड्रोन उडवायला परवानगी लागते का?

लागते. ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्राची, म्हणजे ड्रोन उडवण्याच्या परवान्याची, गरज नाही, हे बरोबर. पण उडवायची परवानगी लागते की नाही हे जागेवरून ठरतं, वजनावरून नाही. ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरपर्यंत जमिनीपासूनच परवानगी लागते, तर 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांच्या वर. वर्धा रोडवरची विमानतळाजवळची लॉन, मनीषनगर, खामला, सगळं सोनेगाव विमानतळाच्या 8 किलोमीटरच्या आत. परवानगीशिवाय तिथे ड्रोन उचलायचा नाही.

मी लग्नाचंच शूटिंग करतो. नात्यातल्या एका लग्नात भाऊजींनी ड्रोनचा हट्ट धरला. परवानगी काढलेली नव्हती, मी नाही म्हटलं. "काहून भेतो बे? कोण पाहून राहिलं?" म्हणाले, आणि दुसरा पोरगा आणला. वरात गेटवर आली तेव्हा मी त्याच्या मागेच उभा होतो. स्क्रीनवर उंची 90 मीटर. तेवढ्यात लँडिंगचे दिवे लावलेलं विमान आलं. ते ड्रोनच्या वर आहे की थेट समोर, अंधारात आम्हा दोघांनाही कळेना. पोराचा अंगठा स्टिकवर तसाच थांबला.

विमान निघून गेलं. "पाहा, काही झालं का?" हे भाऊजी अजून प्रत्येक कार्यक्रमात चारचौघांत ऐकवतात.

त्यांना आणि तुम्हालाही सांगतो. तीन अंशांच्या उतारानं उतरणारं विमान धावपट्टीपासून दोन किलोमीटरवर जेमतेम 400 फुटांवर असतं. एवढासा ड्रोन वैमानिकाला रात्री दिसत नाही, त्याला वाट देता येत नाही. म्हणूनच नियमानं माणसं बसलेल्या विमानाला आधी वाट दिली आहे आणि दूर राहायची जबाबदारी ड्रोनवाल्यावर टाकली आहे. त्या विमानातल्या लोकांना कोणी विचारलं होतं का, की तुमच्या जिवावर वरातीचा शॉट घेऊ का?

लॉन बुक करण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, तो बदलत असतो. अधिवेशनात किंवा मोठ्या नेत्याच्या दौऱ्यात पोलीस वेगळी बंदी घालतात, तेही विचारा. परवानगीचा कागद न दाखवता "होऊन जाईल" म्हणणाऱ्या शूटिंगवाल्याला काम देऊ नका. वरातीचा शॉट क्रेनवरून छान येतो. घरातलं कोणी घाबरट म्हणालं तर म्हणू द्या.